पाण्यातल्याच्या सूचना

माझ्या मुलाची नोकरी गेली तेव्हा तीन महिने तो घरात नुसता बसून होता. चौथ्या महिन्यात त्याने घरातल्या घरात एक साईट बांधायला घेतली. बांधायची म्हणजे वीट ना वाळू, सगळं कॉम्प्युटरवर. लोकांनी तिथे यायचं, आपल्या नावाची पाटी लावायची, फोटो टाकायचे, एकमेकांची विचारपूस करायची. अशा साईटी जगात पैशाला पासरी आहेत, तू आणखी एक कशाला काढतोस, असं मी विचारलं. तिथे सगळं जग असतं, इथे फक्त आपली माणसं असतील, असं तो म्हणाला. नाव ठेवलं ‘घरोबा’.

एका कंपनीने त्याला सांगितलं होतं की प्रमाणपत्रं दाखवू नकोस. स्वतः काहीतरी बनव, तीन महिने खऱ्या माणसांना वापरू दे, ती काय काय बोलतात ते लिहून घे आणि मग ये. म्हणून साईटच्या खालच्या कोपऱ्यात त्याने एक पेटी ठेवली होती. ‘अभिप्राय’. काय आवडलं, काय नडलं, काय हवं, ते तिथे टाकायचं. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी तो ती पेटी उघडायचा आणि आलेलं सगळं एका वहीत उतरवून घ्यायचा.

खरी माणसं कुठून आणायची, तर ती मी आणली. मी शिवणकामाचं वर्कशॉप चालवते. सात मशिनी आहेत, हॉटेलांचे आणि दवाखान्यांचे गणवेश शिवतो. माझी शाळा दुसरीत सुटली, पण मापं आणि नाती या दोन गोष्टींत मला आजवर कोणी चुकीचं ठरवलेलं नाही. कोणाची नणंद कोणाच्या मावसभावाला दिली, कोण कोणाशी किती वर्षं बोलत नाही, सगळं माझ्या जिभेवर असतं. एकेकाला फोन करून दटावलं आणि आठ दिवसांत चाळीस नातेवाईक घरोब्यावर बसवले.

पहिले अभिप्राय वाचून आम्ही हसून हसून बेजार झालो. माझ्या धाकट्या दिरांनी लिहिलं, अक्षरं मुंग्यांएवढी आहेत. मुलाने मोठी केली, तर लिहिलं, आता हत्ती झालेत. माझ्या वहिनीने आपल्या गुडघ्याचा एक्स-रे तीनदा टाकला आणि पेटीत विचारलं की डॉक्टर उत्तर कधी देणार. आमच्या वर्कशॉपमधल्या बटणवालीने तक्रार केली की मी सकाळी किती वाजता फोटो टाकला हे बाईंना दिसतं, तेवढं बंद करा. मुलगा ते सगळं गंभीर तोंडाने वहीत लिहायचा.

माझा अभिप्राय मी पेटीत टाकला नाही, तोंडावर सांगितला. तुझ्या घराचं दार सताड उघडं आहे. जो येईल तो आत. दारात आलेल्याला तू कोणाचा कोण एवढं तरी विचारायला नको का? त्याला ते पटलं. नव्या माणसाने आत येताना ‘मी कोणाचा कोण’ ते लिहायचं, ते माझ्याकडे येणार आणि मी ‘हो’ दाबलं तरच दार उघडणार, असं त्याने केलं. माझी सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, तोंडाने माझ्यापेक्षा कमी नाही. ती म्हणाली, आता आईंच्या सहीशिवाय कोणाला नातेवाईकसुद्धा होता येणार नाही. मला ते बोलणं आवडलं, खोटं कशाला सांगू.

आता माझ्या मुलीबद्दल. ती या मुलाची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून आपल्या लहान मुलीला घेऊन निघाली. माझ्याकडे राहिली असती तर तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला असता, म्हणून ती दूरच्या एका गावात गेली. तिथे औषधांच्या गोदामात खोकी भरते. ते गाव चौघांनाच माहीत आहे. ती, मी, मुलगा आणि सून. निघताना नवरा तिला म्हणाला होता की तू जाशील तिथे मी येईन, आणि पुढे काय करीन तेही त्याने सांगितलं होतं. ते मी इथे लिहीत नाही. आरडाओरडा करून बोलला असता तर आम्ही सोडून दिलं असतं. तो शांतपणे, बुटाची नाडी बांधता बांधता बोलला होता.

घरोब्यावर ती ‘कापूस’ या नावाने होती. बाकीच्यांना आम्ही ती सुनेची मैत्रीण आहे असं सांगितलं होतं. चेहऱ्याचा फोटो नाही, गावाचं नाव नाही. ती फक्त नातीने काढलेली चित्रं टाकायची. तीन पायांचं कुत्रं, चष्मा लावलेला सूर्य. आमची माणसं त्यावर कौतुक करायची, आणि तिकडे ती पोरगी आईच्या मांडीवर बसून ते ऐकायची. दोन वर्षांत तिला मिळालेलं गोत एवढंच.

महिनाभराने दारात एक माणूस आला. त्याने लिहिलं होतं: ‘मी तो कालव्यातला मुलगा. तुमच्या मावशीच्या नणंदेचा नातू. मी तुम्हाला आठवणार नाही, पण आज मी आहे तो तुमच्यामुळे.’

हे समजायला माझी एक गोष्ट माहीत हवी. मी एकोणीस वर्षांची असताना एका लग्नघरी पाहुण्यांचा पाच वर्षांचा मुलगा कालव्यात पडला. मी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली आणि त्याला केसांना धरून बाहेर ओढलं. त्याच्या घरचे त्याच संध्याकाळी निघून गेले, पोराचं नाव विचारायचं राहून गेलं. माझ्या पानाला पान लावून जेवलेल्या प्रत्येक माणसाने ही गोष्ट ऐकलेली आहे. काहींनी दहादा ऐकलेली आहे.

ते दोन ओळींचं लिहिणं मी बोट ठेवून दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा सुनेकडून वाचून घेतलं आणि चौथ्यांदा वर्कशॉपमध्ये सगळ्यांना मोठ्याने वाचायला लावलं. मावशीला नणंदा तीन होत्या. यातली कोणती, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला आठवत नाही असं झालं असतं. मी ‘हो’ दाबलं आणि खाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: ‘हा माझा. मी पाण्यातून काढलेला.’

दिरांनी लगेच लिहिलं, इतकी वर्षं आम्हाला वाटायचं वहिनी थापा मारतात. मुलाने त्या माणसाचं नाव ‘पाण्यातला’ असं पाडलं आणि सगळे तेच म्हणू लागले. त्याने स्वतःच्या चेहऱ्याच्या जागी एका होडीचं चित्र लावलं होतं. फोनवर तो कधी आला नाही. आवाज बसलेला असतो, ऑपरेशन झालंय, असं लिहायचा.

पाण्यातल्याचे अभिप्राय मात्र सगळ्यांत चांगले असायचे. गुडघा नाही, हत्ती नाही. नेमकं, नम्र, कामाचं. मुलगा म्हणायचा, चाळीसांत हा एकच माणूस मला कळतो. तो सांगेल ते मुलगा दोन दिवसांत करून टाकायचा. ती प्रत्येक सूचना आता मला तोंडपाठ आहे.

पहिली अशी होती: ‘घरोबा म्हटल्यावर लहान मुलांचे वाढदिवस कळायला हवेत. नाव नको, फक्त तारीख आणि कोणाच्या घरचं मूल ते. म्हणजे सर्वांना शुभेच्छा देता येतील.’ मुलाने यादी केली. नातीने ती बघितली आणि आईच्या मागे लागली की माझीही तारीख घाल, मला चाळीस जणांच्या शुभेच्छा हव्यात. ‘कापूस’च्या घरचं मूल म्हणून तारीख घातली गेली. खरी तारीख. खोटी कशी घालणार, पोरगी स्वतः शेजारी बसून बघत होती.

दुसरी: ‘फोटो फार लहान दिसतात. वयस्कर माणसांची पंचाईत होते. बोट लावल्यावर मूळ आकारात उघडले तर बरं.’ सगळे मूळ फोटो मुलाकडे पडूनच होते. त्याने एक ओळ बदलली, आणि नवेजुने सगळे फोटो भिंतीएवढे उघडू लागले.

तिसरी: ‘कोण आत्ता हजर आहे ते कळलं तर गप्पांना रंगत येईल.’ मुलाने प्रत्येक नावापुढे ठिपका लावला. माणूस हजर असेल तर हिरवा, गेला की लाल.

चौथी सूचना एका मंगळवारी दुपारी आली. आम्ही वर्कशॉपमध्ये डबे उघडून बसलो होतो आणि मुलगा वहीतून वाचून दाखवत होता. ‘ठिपक्यांवरून हजर कोण ते मला ओळखता येत नाही. रंगाऐवजी आकार ठेवावा. हजर असेल तर चौकोन, नसेल तर गोल.’ मुलगा स्वतःवरच चिडला. कितीतरी लोकांना हिरवा आणि लाल वेगळा दिसत नाही, हे माझ्या डोक्यात आधी यायला हवं होतं, म्हणाला. पाण्यातला खरंच हुशार आहे.

माझा हात डब्यातच राहिला.

माझा जावई एकदा हंगामात मदतीला आला होता. ऑर्डर मोठी होती, माणसं कमी होती. त्याला दोऱ्याची रिळं लावायला बसवलं. दोन तासांनी बघते तर हिरवी आणि तपकिरी रिळं एकाच खोक्यात, मधूनमधून लाल. मी सातही मशिनींसमोर म्हणाले, “आमच्या जावयाला रंगांचं वावडं आहे हे आधी कळलं असतं, तर काळी-पांढरी बायको बघून दिली असती.” मशिनी थांबल्या एवढं सगळे हसले. तोही हसला. खोकं जागेवर ठेवलं, पाणी प्यायला आणि घरी गेला. तिसऱ्या दिवशी माझ्या मुलीचं मनगट प्लास्टरमध्ये होतं. न्हाणीघरात घसरले, म्हणाली. ती कशी घसरली ते मला दोन वर्षांनी कळलं.

मी डबा झाकला. कोणाला काही बोलले नाही. ज्यांना रंग कळत नाहीत असे पुरुष जगात ढिगाने असतात, असं मनाला सांगितलं. पण मन ऐकेना. मग त्याला पारखून बघायचं मी ठरवलं.

घरोब्यावर एकट्याला लिहायची सोय आहे. मी एकेक अक्षर शोधून लिहिलं, ‘तुला पाण्यातून कसं काढलं ते तुला आठवतं का?’ पाव तासात उत्तर आलं: ‘केसांना धरून. अजून केस विंचरताना तुमची आठवण येते.’

कालव्यातला मुलगा नव्हताच तो. हे मला त्या क्षणी कळलं, आणि कसं कळलं ते जगात मी एकटीच सांगू शकत होते. कारण मी त्या दिवशी पाण्यात उतरलेच नव्हते. मी काठावर उभी राहून ओरडत होते. पलीकडे एक बाई लोकांचे कपडे धूत होती, तिने उडी मारली आणि पोराला एका पायाला धरून उलटं बाहेर काढलं. ती पुन्हा कपडे धुवायला बसली. मी पोराला माझ्या शालीत गुंडाळून घरी नेलं, त्याच्या अंगाचं पाणी माझ्या अंगावर आलं, आणि दारातल्या बायका मला भिजलेली बघून जे धरायचं ते धरून चालल्या. मी त्यांना सुधारलं नाही. केस मी पुढे कधीतरी घातले, सांगायला बरे वाटतात म्हणून. खऱ्या मुलाला त्यातलं काही आठवत नसेल तर मी समजू शकते. पण केस आठवणं शक्य नाही. केस फक्त माझ्या तोंडातून निघालेत, माझ्या घरी जेवणाऱ्यांनी ऐकलेत, आणि माझा जावई माझ्या घरी सात वर्षं जेवला.

उत्तर आलं तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. मी घरी बोलले दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. मधल्या अठरा तासांबद्दल मी कोणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते. मी दुसरा काही पुरावा शोधत होते. असा की ज्यात मला काठावर उभं राहावं लागणार नाही. स्वयंपाक केला, दोन गिऱ्हाइकांना झापलं, एका एप्रनला खिसा उलटा लावला आणि उसवला. पुरावा मिळाला नाही.

अकरा वाजता मी मुलाला आणि सुनेला बसवलं आणि सगळं सांगितलं. रिळं, केस, कालवा, कपडे धुणारी बाई. मुलाने वही उघडून पानं उलटली. मग म्हणाला, “पण आई, त्याच्या सगळ्या सूचना बरोबर होत्या.”

सुनेने ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटर आपल्याकडे ओढला. ‘कापूस’च्या नावाखालची चित्रं ती एकेक करून मोठी करत गेली. तीन पायांचं कुत्रं. चष्म्याचा सूर्य. मग एक असं निघालं की ते चित्र खिडकीच्या काचेला चिकटवून काढलेला फोटो होता. फोटो लहान असताना काचेपलीकडे नुसता धूसर रस्ता दिसायचा. आता रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचता येत होती. घड्याळ दुरुस्तीचं दुकान, मालकाचं नाव, फोन नंबर, गाव.

ती म्हणाली, “आधी कोण, मग कुठे, मग कधी. आपणच त्याला काय हवं ते विचारून विचारून दिलं.”

मुलीला फोन लावला, उचलला नाही. गोदामात कामाच्या वेळी फोन कपाटात ठेवायला लावतात. तिची जेवणाची सुट्टी एक वाजता. आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो. मुलाने कालच आकारांचं काम उरकलं होतं, त्यामुळे पडद्यावर आता चौकोन आणि गोल होते. ‘कापूस’पुढे गोल. ‘पाण्यातला’पुढे चौकोन. तो हजर होता. कुठून हजर होता, हे साईट सांगत नाही. मी मुलाला विचारलं, तेवढं आपल्याला कळायची काही सोय आहे का. तो म्हणाला, ती सूचना कोणी केली नाही.

एक वाजून चार मिनिटांनी मुलीने फोन उचलला. मी तिला एवढंच सांगितलं की त्याला गाव कळलंय, पोरीला घे आणि नीघ. तिने काही विचारलं नाही. दोन वर्षं ती याच फोनची वाट बघत असावी असं वाटलं. शाळेत पोचली तेव्हा ऑफिसातल्या बाईने कौतुकाने सांगितलं की सकाळी मुलीच्या काकांचा फोन आला होता. पुढच्या आठवड्यात वाढदिवस आहे ना, भेटवस्तू घेऊन यायचंय, शाळा किती वाजता सुटते आणि कोणत्या फाटकातून, असं विचारत होते. आवाज अगदी गोड होता, म्हणाली. त्या बाजूला शाळा एकच आहे.

पाटी कधी वाचली त्याने, सोमवारी, मंगळवारी, कोणास ठाऊक. पण फोन बुधवारी सकाळी केला. माझे अठरा तास कुठे गेले, ते यात आलं.

संध्याकाळपर्यंत माय-लेकी तिसऱ्याच गावी पोचल्या. सुनेची एक जुनी मैत्रीण तिथे नर्सांच्या वसतिगृहात राहते, तिच्या खोलीत. वाढदिवस रद्द झाल्याचं पोरीला सांगितलं तर ती म्हणाली, चाळीस जणांना कळवा म्हणजे ते वाट बघणार नाहीत.

गुरुवारी आम्ही पोलीस चौकीत गेलो. साहेब चांगला होता, बसायला खुर्ची दिली. त्याने सगळे अभिप्राय शांतपणे वाचले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. मग विचारलं की यात त्याने धमकी कुठे दिली आहे ते दाखवा. दाखवता आली नाही. “सूचना तर सगळ्या चांगल्या आहेत,” साहेब म्हणाला, आणि कागदावर आमचा अर्ज लिहून घेतला.

घरी आलो तर पेटीत पाचवी सूचना पडली होती. ‘कापूस यांच्या नावापुढे कालपासून गोल दिसतो. काही बिघाड आहे का ते तपासावे.’

मुलगा साईट बंद करायला उठला. कंपनीला वही दाखवायची होती, तीन महिने पुरे व्हायला नऊ दिवस उरले होते, तरी उठला, हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते. सुनेने हात धरला. बंद केलीस तर आपल्याला कळलंय हे त्याला कळेल, आणि मग तो कुठे आहे ते आपल्याला कधीच दिसणार नाही. बसू दे त्याला तिथे. निदान बसलेला दिसतो.

मग आम्ही त्याच्यावर लक्ष ठेवू लागलो. वर्कशॉपच्या टेबलावर मी मुलाचा जुना कॉम्प्युटर मांडून घेतला. मशीन चालवता चालवता मान वर केली की चौकोन. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता चौकोन. सकाळी सहाला चौकोन, दुपारी चौकोन. तो काही लिहायचा नाही, नुसता असायचा. बटणवालीने विचारलं, बाई, एवढं काय बघताय, मॅच आहे का. मी म्हटलं, तू बटणं लाव.

रविवारी सकाळी तो लिहायला लागला. पेटीत नाही, आमच्या माणसांना. दिरांना विचारलं, कापूस आजारी वगैरे नाहीत ना, बरेच दिवस चित्र नाही. आणखी दोघा-तिघांना हेच विचारलं. माझ्या वहिनीने त्याला सगळ्यांसमोर उत्तर दिलं की अहो, ती आमच्या भाचेसुनेची मैत्रीण, मी आजच तिच्याकडून फोन नंबर आणि पत्ता घेऊन तुम्हाला देते, तुम्ही एवढी काळजी करता. आणि तिने खरंच सुनेला फोन केला. सुनेने काहीतरी सांगून टाळलं. पण वहिनी ऐकणारी नव्हे, चौकशी करत सुटली असती. चाळीस माणसं, चाळीस तोंडं, आणि सगळी त्याच्या मदतीला. कारण हा माझा, असं मी लिहून ठेवलं होतं. गुपचूप फोन करून एकेकाला सांगू म्हटलं, तर पहिल्या फोनलाच दीर म्हणाले, वहिनी, तुम्ही ज्याला पाण्यातून काढलं तो असा कसा असेल, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय.

मी फोन ठेवला आणि कॉम्प्युटरसमोर बसले. मुलगा म्हणाला, मी लिहितो, तू सांग. मी म्हटलं, नको. दीड तास लागला. मी लिहिलं:

‘मी कालव्यात उडी मारली नव्हती. एका कपडे धुणाऱ्या बाईने मारली होती. तिने मुलाला पायाला धरून काढलं. मी चाळीस वर्षं तुम्हाला खोटं सांगितलं. हा माणूस माझी खोटी गोष्ट खरी म्हणून सांगतो, म्हणजे हा तो मुलगा नाही. हा माझा जावई आहे. तो माझ्या मुलीला शोधतोय. त्याला कोणी काही सांगू नका.’

आणि सगळ्यांना दिसेल असं टाकलं.

रविवारची दुपार होती, माणसं घरी होती. एकामागून एक गोल बदलत चौकोन झाले. दीर, वहिनी, बटणवाली, ज्यांच्याशी मी वर्षानुवर्षं बोलत नाही तेही. चाळीस चौकोन. कोणी एक अक्षर लिहिलं नाही. वहिनीसुद्धा गप्प. त्यांच्यात एकेचाळिसावा चौकोन होडीच्या चित्राशेजारी होता, आणि तोही वाचत होता. माझे कान इतके तापले होते की मी खिडकी उघडली.

पाच-सात मिनिटं तो तसाच होता. मग तो चौकोन गोल झाला.

आम्ही वाट बघितली. तास गेला. संध्याकाळ झाली. सकाळी सहाला मी पुन्हा बघितलं, दुपारी बघितलं. गोल. पेटीत काही नाही. चार दिवस झाले, पाच झाले. दिरांनी लिहिलं की बरं झालं, पळाला, चोराच्या मनात भीती असतेच. बाकीच्यांनी त्याला हो म्हटलं. मुलगा वही घेऊन कंपनीत गेला, पण तिथे कोणाच्या कोणत्या सूचना दाखवल्या हे मी त्याला विचारलेलं नाही.

सहाव्या दिवशी मुलीचा फोन आला. ती वसतिगृहाच्या जिन्यात बसून बोलत होती, मागून कोणाच्या तरी चपला वर-खाली जाताना ऐकू येत होत्या. तिने पोरीचं सांगितलं, खोकला कमी आहे, नवी शाळा बघायची आहे, मैत्रिणीला किती दिवस त्रास द्यायचा. मी हं हं करत होते. मग तिने आवाज खाली आणला.

“आई, तो दिसतो का अजून?”

मी तिला ‘दिसतो’ म्हणू शकले असते. एका शब्दाचं काम होतं. त्याने तिला त्या दिवशी झोप लागली असती, आणि खोटं सांगायला मी काही नवी नाही.

“नाही,” मी म्हटलं. “सहा दिवस झाले. कुठे आहे माहीत नाही.”

फोन चालूच राहिला. जिन्यातल्या चपला थांबल्या होत्या. मग ती उठल्याचं ऐकू आलं, दार लागलं, कडी बसली. पोरगी आतून विचारत होती की कॉट कशाला हलवतेस. आणि मग फरशीवरून काहीतरी जड ओढत नेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.